सॅच्युरेशन शून्य, शहाणपण शंभर

डोंबिवलीत किंवा ठाण्यात शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांच्या घोळक्यात दहा मिनिटं बसलं, तरी एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'रंग काढले की भाव उरतो.' लॅपटॉपवर दा विंची रिझॉल्व्हची फुकटची आवृत्ती उघडी असते. टाइमलाइनवर फडके रोडचं, मासुंदा तलावाचं नाहीतर दुर्गाडीचं फुटेज असतं. सॅच्युरेशनचा आकडा ओढून शून्यावर आणतात, चित्र राखाडी होतं आणि घोळक्यातलं कुणीतरी 'वाह' म्हणतं. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्यांकडे हेच मत व्यवहारी भाषेत येतं. "दादा, पार्टीला क्लासिक पाहिजे. मंगलाष्टकं आणि पाठवणी बी-डब्ल्यू करून टाक."

या मताला एवढी प्रतिष्ठा मिळाली आहे की त्याचा हिशेब कुणी मागत नाही. तो मागण्यासाठी हा लेख. रंग काढल्यावर भाव आपोआप उरत नसतो. उरते उजेड-सावलीची एक मांडणी, आणि ती कशी असावी हे तुम्ही ठरवलं नसेल तर टीव्हीचं तंत्र बसवणाऱ्या अभियंत्यांनी ते केव्हाच ठरवून ठेवलेलं असतं. त्यांच्या राखाडीला आपली अभिरुची म्हणून मिरवायचं, याला माझा आक्षेप आहे. कृष्णधवल सिनेमावर माझा जीव आहे, म्हणून तर जास्तच.

पाठवणीचंच फुटेज घेऊ आणि जरा सावकाश बघू. नवरीने गर्द हिरवा शालू नेसला आहे, काठ कुंकवासारखा लाल. व्हिडिओतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक शून्य ते २५५ मधला. समजा, काठाचे आकडे आहेत २००, ३०, ४० आणि शालूच्या अंगाचे ३०, ८०, ४०. ज्याला रंगांधळेपणा नाही तो माणूस मांडवाच्या दुसऱ्या टोकावरूनही हे दोन रंग वेगळे सांगेल. आता हा व्हिडिओ राखाडी करायचा. एचडी व्हिडिओचं जे प्रमाण आहे, रेक. ७०९, त्यात उजेडाचा आकडा काढताना लालाला ०.२१२६ ने, हिरव्याला ०.७१५२ ने आणि निळ्याला ०.०७२२ ने गुणून बेरीज करतात. करून बघा. काठाचा उजेड येतो ६६.९ आणि शालूच्या अंगाचा ६६.५. म्हणजे काठ गेला. पैठणीवाल्याच्या दुकानात ज्या काठासाठी आईने आणि मावशीने अर्धा दिवस घासाघीस केली, तो एका आकड्याच्याही फरकाशिवाय अंगात विरून गेला. शालूच्या जागी राखाडी कापडाचा एक सलग गठ्ठा राहिला.

गंमत पुढेच आहे. जुन्या, एचडीपूर्वीच्या टीव्हीचं प्रमाण वेगळं होतं: ०.२९९, ०.५८७, ०.११४. हेच दोन रंग त्या गणितातून काढले तर काठ येतो ८२ आणि अंग साधारण ६०. काठ परत आला! कापड तेच, कॅमेरा तोच, रडणारी नवरीही तीच. फरक पडला तो सॉफ्टवेअरच्या पोटातल्या तीन अपूर्णांकांनी. 'रंग काढले की जे असतं ते उरतं' म्हणणाऱ्यांनी सांगावं, या दोन चित्रांतलं 'जे असतं ते' कुठलं?

दोन्ही नाही, हे त्याचं उत्तर. रंगीत चित्राच्या आत एकच एक कृष्णधवल चित्र दडून बसलेलं नसतं, शेकडो असतात, आणि त्यांतलं एक निवडावं लागतं. निवडायची सोयही आहे. रिझॉल्व्हमध्ये आरजीबी मिक्सरखाली 'मोनोक्रोम' अशी खूण करायची चौकट आहे. प्रीमिअरच्या चॅनल मिक्सरमध्येही ती आहे. ती खूण केली की कुठल्या रंगाला किती उजेड द्यायचा हे तुमच्या हाती येतं. लालाला जास्त दिलात तर काठ लखलखतो आणि शालू काळोखात जातो. हिरव्याला दिलात तर उलट. हे काम चिकाटीचं आहे, शॉटगणिक करावं लागतं, आणि त्यासाठी आधी ठाऊक असावं लागतं की या शॉटमध्ये मला काय दिसायला हवंय. सॅच्युरेशन शून्य करणारा नेमका हाच प्रश्न टाळतो आणि टाळल्याबद्दल स्वतःचं कौतुक करून घेतो.

मिक्सर हाती आला म्हणजे सगळं साधलं, असंही नाही. विसर्जनाचा गुलाल बघा. नुसतं सॅच्युरेशन काढलं तर गुलाल अंगाच्या रंगापेक्षा गडद येतो आणि पोरांच्या चेहऱ्यांवर काजळी फासल्यासारखी दिसते. मिरवणूक कोळशाच्या वखारीतून निघाली आहे असं वाटावं. मिक्सरमध्ये लाल वाढवला तर तोच गुलाल पांढरट होतो आणि पोरं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसतात. काजळी की पीठ, एवढीच निवड. गुलाल मिळत नाही, कारण गुलालाचं गुलालपण उजेडात नसून रंगातच आहे. तरीही दरवर्षी गणपतीनंतर ढोल-ताशाचे स्लो मोशन राखाडी तुकडे येतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'इमोशन'.

लाल वाढवण्यातली आणखी एक गोष्ट धंद्यातल्या लोकांना ठाऊक आहे, पण मोठ्याने कुणी बोलत नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत लालाचा अंश भरपूर असतो. मिक्सरमध्ये लाल वर नेला की चेहरा उजळतो, पुरळाचे डाग पुसले जातात आणि सावळी नवरी चक्क गोरी होते. रंगीत फुटेजमध्ये तिला एवढं गोरं केलं असतं तर घरचे म्हणाले असते, हे काय पीठ लावलंय? कृष्णधवलमध्ये त्यालाच 'सॉफ्ट टोन' म्हणतात. रंगाच्या पलीकडे जाणारी ही शैली रंगाचा सगळ्यात जुना भेदभाव मागच्या दाराने आत घेते, आणि भावाच्या गप्पा मारणाऱ्यांना त्याची दादही नसते.

आता दुसरा युक्तिवाद: जुन्या काळाचा स्पर्श. दर १६ एप्रिलला ठाणेकरांच्या ग्रुपांवर बोरीबंदर-ठाणे पहिल्या गाडीचा 'दुर्मीळ व्हिडिओ' फिरतो. काळा-पांढरा, थरथरता, वर ओरखडे. ती गाडी धावली १८५३ साली. ल्युमिएर बंधूंचे पडद्यावर हलणारे चित्रतुकडे मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले गेले ते ७ जुलै १८९६ रोजी. मधल्या ४३ वर्षांचं काय करायचं? त्या गाडीचं चलच्चित्र असणंच शक्य नाही. पण चित्र राखाडी आहे ना, मग जुनं असणारच आणि जुनं म्हणजे खरंच असणार, एवढ्यावर तो तुकडा घरोघर पोचतो. रंग काढल्याने खरेपणा येतो या समजुतीची ही थेट फळं आहेत.

मूकपटांच्या कित्येक प्रतीसुद्धा निव्वळ काळ्या-पांढऱ्या नसत. रात्रीच्या प्रसंगाला निळी, दिव्याच्या उजेडाला पिवळसर अशी फिल्म रंगात बुडवून काढायची पद्धत जगभर होती. आपल्याकडच्या लोकांना रंगाची किती आस होती बघा. 'प्रभात'ने १९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला, व्ही. शांताराम त्यासाठी जर्मनीला गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत, हा भाग वेगळा. गावोगावच्या फोटो स्टुडिओत लग्नाच्या कृष्णधवल फोटोवर बारीक ब्रशने ओठांना लाल, शालूला हिरवा, दागिन्यांना पिवळा रंग भरून देणारे कारागीर असत आणि लोक त्याचे जादा पैसे मोजत. आजोबांनी पैसे देऊन रंग भरून घेतला, नातू पैसे देऊन काढून घेतोय. नातवाला वाटतं, तो आजोबांच्या काळात चाललाय.

कुटुंबाच्या आठवणींचं म्हणाल तर ही फसवणूक आणखी सोपी आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ मध्ये. गिरगाव-दादरच्या चाळी सोडून जी घरं डोंबिवलीत आली, त्यांच्या गच्चीवर त्या काळात अँटेना होता आणि खाली काळा-पांढरा टीव्ही, हे बरोबर. पण लग्नाचं व्हिडिओ शूटिंग आपल्याकडे रुजलं तेच व्हीएचएस कॅसेटवर, आणि ती कॅसेट रंगीत होती. ठाणे-कल्याणातल्या कपाटांत बुरशी धरून पडलेल्या लग्नाच्या कॅसेटी काढून बघा: रंग फिसकटलेले, लाल रंग शेजारच्या पिवळ्यात पाझरलेला, व्हिडिओ लाइटमुळे भटजींचं टक्कल जळून पांढरं झालेलं. पण रंगीत. तुमच्या आईवडिलांच्या लग्नाचा व्हिडिओ कृष्णधवल नव्हता. मग तुमच्या लग्नाचा राखाडी तुकडा नेमकी कुणाची आठवण काढतोय?

हे सगळं लग्न-मिरवणुकीपुरतं असतं तर मी एवढा तापलो नसतो. हौस आहे, पैसे ज्याचे त्याचे. खरा राग येतो तो गंभीर विषयांवरच्या माहितीपटांत हाच प्रकार बघून. डोंबिवली एमआयडीसीवर कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना राखाडीचा मोह विशेष होतो. धुरांडी, पत्र्याच्या शेड, ओला रस्ता, सायकलवरून जाणारा कामगार. सगळं काळं-पांढरं केलं की एखाद्या युरोपियन महोत्सवातल्या सिनेमासारखं दिसतं. दिसेलच. पण डोंबिवलीच्या प्रदूषणाची सगळ्यांत बोलकी गोष्ट कुठली होती? जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. रसायनांनी अख्खा रस्ता रंगला, वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर त्याची चित्रं झळकली आणि तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना इथे येऊन पाहणी करावी लागली. वर्षानुवर्षांच्या तक्रारी, निवेदनं, नाकाला रुमाल लावून काढलेल्या रात्री यांनी जे झालं नाही ते त्या गुलाबी रंगाने केलं.

आता त्या रस्त्याचं फुटेज घ्या आणि सॅच्युरेशन शून्यावर आणा. काय उरलं? पाऊस पडून गेल्यावरचा सिमेंटचा रस्ता. जरा ओलसर, जरा उदास, आणि कुणाच्याही विरुद्ध पुरावा नसलेला. 'भाव' भरपूर आहे आणि बातमी गायब आहे. नाल्यात सोडलेलं रंगीत पाणी राखाडी केलं की तो कुठलाही नाला होतो. तुम्ही कारखानदाराच्या बाजूने फिल्म केली नाहीत हे मला मान्य, पण त्याच्या वकिलाला याहून सोयीचं चित्र तुम्ही देऊ शकला नसता. एमआयडीसीतल्या २६ मे २०१६ च्या आणि २३ मे २०२४ च्या स्फोटांनंतरही उद्ध्वस्त इमारतींचे राखाडी तुकडे फिरले. श्रद्धांजली म्हणून एक फोटो काळा-पांढरा करणं मी समजू शकतो, तो शोकाचा रिवाज आहे. पण फुटलेल्या काचा, जळालेल्या भिंती, रस्त्यावरचा चिखल यांना शोकाच्या वेष्टनात गुंडाळलं की ते काल घडलेलं वाटत नाही. फार पूर्वी, कुठेतरी, दैवयोगाने घडल्यासारखं वाटतं. ज्या घटनेची जबाबदारी निश्चित व्हायची असते तिला इतिहासात ढकलायची एवढी घाई कशाला?

यावर प्रतिपक्षाचं उत्तर तयार असतं आणि ते कच्चं नाही. ते विचारतात, मग अल्फोन्सो क्वारोनचा 'रोमा'? २०१८ चा तो सिनेमा डिजिटल कॅमेऱ्यावर रंगीत टिपला होता, कृष्णधवल तो नंतर झाला. पोलंडचा 'इडा' घ्या, 'द आर्टिस्ट' घ्या, तिथेही टिपताना रंग होतेच. आपल्याकडे सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये 'श्यामची आई' कृष्णधवलमध्ये आणला. हे सगळे ढोंगी का?

अजिबात नाहीत. 'रोमा' कृष्णधवल होणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. टिपताना रंग घेतले ते नंतर कुठल्या रंगाला किती उजेड द्यायचा यावर ताबा राहावा म्हणून, म्हणजे मी वर जे मिक्सरचं काम सांगितलं ते पूर्ण ताकदीने करता यावं म्हणून. जुने लोक तर त्याहून कडक होते. सुरुवातीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, लाल ओठ काळे पडत, म्हणून रंगभूषाच त्या हिशेबाने करावी लागे. पुढे सगळे रंग टिपणारी फिल्म आली तरी छायाचित्रकार एक गडद काच डोळ्यासमोर धरून दृश्य बघायचे, रंगांनी भुलून न जाता कुठे उजेड आहे आणि कुठे सावली हे कळावं म्हणून. साडी, भिंत, दिवा सगळं राखाडीच्या हिशेबाने निवडलेलं असे. त्यांचं कृष्णधवल कॅमेरा सुरू होण्याआधी घडलेलं असायचं, आणि आपल्याकडे ते एक्स्पोर्टच्या आदल्या रात्री सुचतं.

याच न्यायाची दुसरी बाजू प्रतिपक्षाला चांगली आठवत असेल. २०११ मध्ये 'हम दोनों' रंगवून पुन्हा थिएटरात आणला तेव्हा जाणकार म्हणवणाऱ्यांनी नाकं मुरडली. ते योग्यच होतं. ज्या चेहऱ्यावर राखाडीचा विचार करून उजेड टाकला त्याच्यावर संगणकाने रंग चोपडायचा, हा छायाचित्रकाराचा अपमान होता. ('मुघल-ए-आझम' रंगवला तेव्हा निदान त्याचे दिग्दर्शक के. आसिफ यांना स्वतःला सगळा सिनेमा रंगीत हवा होता, असा बचाव होता.) मग रंगाचा विचार करून लावलेला उजेड, निवडलेली साडी, सजवलेला मांडव यांच्यावरून राखाडी बोळा फिरवणं वेगळं कसं? नंतर रंगवणं पाप असेल तर नंतर पुसणंही पापच. एकाला बाजारूपणा म्हणायचं आणि दुसऱ्याला कला, हा निव्वळ पंक्तिप्रपंच झाला.

एका गटाशी मात्र माझं भांडण नाही, आणि तो म्हणजे प्रामाणिकपणे कबूल करणारे मिक्सिंगवाले. हॉलमध्ये डेकोरेटरने जांभळे-निळे एलईडी लावलेले, एका कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स चुकलेला, दुसरा कॅमेरा भाड्याने आणलेला आणि वेगळ्याच कंपनीचा. वधूपिता एका शॉटमध्ये पिवळा, पुढच्यात निळा. अशा वेळी तो तुकडा काळा-पांढरा केला की सगळे एका माळेत बसतात. ही डागडुजी आहे आणि करणारा तसंच म्हणतो. तिलाही मर्यादा आहेत. मोबाइलचा आणि बहुतेक साध्या कॅमेऱ्यांचा व्हिडिओ उजेडाची माहिती पूर्ण साठवतो, पण रंगाची लांबीत निम्मी आणि रुंदीत निम्मी, म्हणजे एकूण चौथा हिस्साच साठवतो. मिक्सरमध्ये एखादा रंग फार ताणला की त्या काटकसरीचे चौकोन कपाळावर उमटायला लागतात. निळा वर काढला तर मुंग्या येतात. आणि जांभळ्या दिव्यात चेहऱ्याचा उजेड एकदा फुटला असेल तर कुठलंही राखाडी तो परत आणत नाही. अनुभवी मिक्सिंगवाल्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो मुकाट्याने साधं सॅच्युरेशन काढतो, कॉन्ट्रास्ट थोडा वाढवतो आणि पुढच्या गाण्याला लागतो. त्याला कुणी 'व्हिजनरी' म्हणत नाही, त्याचीही तशी अपेक्षा नसते.

या सगळ्यात एक नुकसान असं आहे की ते भरून निघत नाही, आणि त्याबद्दल मी पार्ट्यांशीच बोलतो, कारण पोरांना सांगून उपयोग होत नाही. एक्स्पोर्ट केलेल्या राखाडी फाइलमध्ये रंग कुठेही लपलेला नसतो. काठाचा ६६.९ आणि शालूचा ६६.५ एकदा एकच झाले की पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरला, कुठल्याही एआयला त्यातला लाल कोणता आणि हिरवा कोणता हे कळणार नाही. तो अंदाज करेल आणि आत्मविश्वासाने चुकीचा रंग भरेल. मूळ फुटेजही फार दिवस राहत नाही. पुढच्या मुहूर्ताला कार्डं मोकळी करावी लागतात, हार्ड डिस्क महाग पडते, सीझन संपला की जुनं काम उडवतात. यात लबाडी नाही, धंद्याची रीतच तशी आहे. तेव्हा दोन गाणी ब्लॅक अँड व्हाइट हवी असतील तर खुशाल करून घ्या, पण त्याच गाण्यांची पूर्ण रंगीत, न छेडलेली फाइल वेगळी मागून घ्या. अ‍ॅडव्हान्स देतानाच बिलावर तसं लिहून घ्या, पेन ड्राइव्ह हातात आल्यावर घरी जाऊन ती उघडून बघा, शालूचा काठ दिसतोय याची खात्री करा आणि मगच उरलेले पैसे द्या.